दुसऱ्यानं करायचा व्यायाम

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा घोट आधी खाली उतरू द्या. मागं हे सांगत होतो तेव्हा आमच्या हेडमास्तरांना असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. तसे लहानमोठे मूर्खपणे मी पुष्कळ केलेत. पण हा मात्र अगदी आधुनिक शास्त्राच्या मदतीनं केला.

मी तळेगाव ढमढेऱ्याच्या एका हायस्कुलात पीटीचा शिक्षक. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. शिक्षकांच्या कबड्डीत चढाई करताना वळलो आणि गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. पुण्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हाडाच्या टोकावरची गादी असते ना, कूर्चा, ती एका जागी उखडलीय. ती आपली आपण भरून येत नाही. पण नवा उपचार आलाय. तुमच्याच गुडघ्यातला कणभर तुकडा काढायचा, लॅबमध्ये त्याच्या पेशी वाढवायच्या आणि महिन्याभरानं त्या खड्ड्यात नेऊन बसवायच्या. जमलं तर पुन्हा पळाल. नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं. पळता न येणारा पीटीचा मास्तर म्हणजे शाळेच्या कोठीच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस.

तुकडा काढला आणि मुंबईच्या लॅबमध्ये पाठवला. आता विचार करा, मी तळेगावात भाकरी खातोय आणि माझा गुडघा तिकडं मुंबईत वाढतोय! महिनाभर मी हे भेटेल त्याला सांगत होतो. लोक आ वासून ऐकायचे. त्या महिन्यात माझी अशी खात्री पटली, की वैद्यकशास्त्रात आता काहीही होऊ शकतं. माझं सगळं नुकसान या खात्रीनं केलं.

जूनअखेरीला पेशी बसवल्या. पुढचं काम एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं होतं. त्यांचा दवाखाना शिरूरला, पण आठवड्यातून दोन दिवस त्या पुण्याच्या दवाखान्यात यायच्या. घरी सोडायच्या दिवशी त्या मला समजावून सांगत होत्या आणि माझं सगळं लक्ष खाली उभ्या असलेल्या जीपकडं. एका जागी बसणं हा माझा स्वभावच नाही हो. पाच दिवस खाटेवर पडून माझा चांगला पायसुद्धा आपोआप हलत होता.

मॅडम म्हणाल्या, "सहा आठवडे या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. व्यायाम मात्र रोज दोनदा झालाच पाहिजे. पण तुम्ही जोर लावायचा नाही. व्यायाम दुसऱ्यानं करायचा, तुम्ही पाय सैल सोडून पडून राहायचं."

मी मान डोलावली. त्यांनी व्यायामाच्या चित्रांचा कागद दिला. त्याची झेरॉक्स इतकी काळी आली होती की पडलेला माणूस आणि वाकलेला पाय एवढंच दिसत होतं. पाय धरणारे हात कुठंतरी त्या काळ्यात गेले होते. हे मला फार उशिरा समजलं.

मदतीला बायकोनं खुटबावहून तिच्या भावाला बोलावून घेतलं. सुदाम त्याचं नाव. पस्तिशीचा, शेती करणारा, कामाला वाघ. मोटारसायकलवरून पडल्यापासून त्याचाही डावा गुडघा कुरकुरायचा. पहिल्या दिवशी त्याच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, सतरंजी टाक, पड आणि चित्रातल्यासारखा पाय वाकव. मी मोजतो.

तो सतरंजीवर पडला खरा, पण त्याला राहवलं नाही. "दाजी, पाय मी हलिवला तर तुमचा गुडघा कसा सुधरंल?"

मी म्हटलं, "माझा गुडघा मुंबईत वाढला तेव्हा मी कुठं होतो?"

"हितं."

"मग?"

सुदाम पाय वाकवायला लागला. तुमच्याकडं तरी आहे का यावर उत्तर? बायको म्हणाली, एक फोन करून मॅडमना विचारा की. पण व्यायामाबद्दल मी विचारायचं? वीस वर्षं माझा धंदाच हा. शिट्टी घेऊन उभं राहायचं, मोजायचं आणि व्यायाम दुसऱ्यांनी करायचा. मला त्यात काही वावगं वाटेना. वाटणार तरी कसं?

तर अशी आमची सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. सुदाम सतरंजीवर, मी खाटेवर. माझ्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लांब पट्टा. तो फक्त व्यायामाच्या वेळी काढायचा होता. व्यायाम सुदामचा असल्यामुळं तो काढायचा प्रश्नच आला नाही.

पण जीव नुसता तळमळायचा. आमचं घर शाळेच्या मैदानामागं. पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तयारी माझ्या जागी चित्रकलेचे सर घेत होते. त्यांचं 'सावधान' इतकं लांबायचं की पोरं मध्येच एकदा विश्राम करून घेत असतील. मी खाटेवरून ओरडायचो, पण मैदानापर्यंत आवाज जायचा नाही. मग त्याचा राग सुदामवर. पंधराच्या जागी तीस वेळा पाय वाकवायला लावायचो. तो बिचारा घामाघूम होऊन वाकवायचा.

मॅडमनी दर आठवड्याला शिरूरला यायला सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात जोराचा पाऊस लागला, म्हणून सुदामनं फोन केला. मॅडमनी विचारलं, गुडघा किती वाकतो? सुदामनं सांगितलं, काटकोनाला आलाय. दुखतो का? काय बी न्हाई. मॅडमना बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात सुदामनं कळवलं, काटकोनाच्या बी पुढं गेलाय. त्या म्हणाल्या, एवढी घाई करू नका, बेतानं घ्या. आणि इतकं छान चाललंय तर उगाच पावसात हेलपाटा नको, सहा आठवड्यांनीच या. चौथ्या आठवड्यात सुदामनं फोनवर सांगितलं, की अधूनमधून जी कळ यायची ती बी गेली, आता उकिडवं बसता येतं.

तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला येत होतंच.

मॅडमनी हे पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर खूश. पेशी बसवलेला गुडघा चार आठवड्यांत इतका वाकल्याचं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. महिन्यातून एकदा ते शिरूरला पेशंट तपासायला यायचे. सहा आठवडे भरल्यावरच्या फेरीला त्यांनी मला बोलावलं आणि शिरूर-दौंडकडच्या पाच-सहा डॉक्टरांनाही हा चमत्कार बघायला बोलावून घेतलं.

मी इस्त्रीची पँट घालून गेलो. कुबड्यांवर आत शिरलो तर सगळे उठून उभे राहिले. उपचारांबद्दल दोन शब्द बोलायची तयारीसुद्धा मी जीपमध्ये केली होती.

डॉक्टरांनी पट्टा सोडला, पायाखाली हात घातला आणि वाकवायला लागले. पाय हलेना. पुन्हा जोर लावला. बोटभर हलला आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बाहेरचे पेशंट दारात आले.

"सैल सोडा," डॉक्टर म्हणाले.

"सैलच आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, व्यायाम रोज झाला ना? मी शपथेवर सांगितलं, एकही दिवस चुकला नाही, सकाळ-संध्याकाळ, वर पंधराच्या जागी तीस. कोण करायचं? हा, माझा मेव्हणा. त्या म्हणाल्या, "दाखवा बरं कसा करता ते."

सुदामनं चपला काढल्या, पायजमा गुडघ्याच्या वर घेतला आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर उताणा पडला.

"मोजा, दाजी."

आणि मी मोजलं. सवय होती ना! एक, दोन, तीन. सुदामचा गुडघा लोण्यासारखा वाकत होता. चारला कुणीतरी खोकलं. पाचला डॉक्टर म्हणाले, "थांबा. हे कुणाचा गुडघा वाकवतायत?"

सुदाम पडल्या पडल्या म्हणाला, "माझा."

दौंडचे एक डॉक्टर फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. ते व्हरांड्यात हसत होते, ते आत स्पष्ट ऐकू येत होतं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माझंच चुकलं, दुसऱ्यानं तुमचा पाय धरून हलवायचा, असं नीट सांगायला हवं होतं. त्या असं म्हणाल्या तेव्हा मला खरी लाज वाटली. चूक तर जीपकडं बघणाऱ्याची होती.

मग खुर्ची ओढून त्या माझ्याजवळ बसल्या. "सर, आपण नुसत्या पेशी ठेवल्यात. पुढं काय व्हायचं, ते त्यांना माहीत नसतं. गुडघा हलला, हळूहळू भार आला, की त्या कूर्चा व्हायला लागतात. हलला नाही तर तिथं नुसती जाड खपली धरते. डॉक्टरांचं काम एका दिवसाचं होतं. उरलेलं वर्षभराचं काम तुमचं आणि माझं."

मी विचारलं, मग आता गेला का गुडघा? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. इतका वेळ वळवळणारा माझा चांगला पाय तेव्हा पहिल्यांदा गप्प राहिला.

महिनाभर शिरूरलाच एक खोली घेऊन राहिलो. सकाळी मॅडम, संध्याकाळी सुदाम. त्यानं टाच धरून पाय मागं दाबायचा आणि मी उशी चावायची. आता मोजायचं काम त्याच्याकडं होतं आणि मागच्या तीसचं त्यानं पुरेपूर उट्टं काढलं. डोळ्यांतून पाणी यायचं. पण दर आठवड्याला गुडघा थोडा थोडा वाकत गेला. दिवाळीनंतर कुबड्या सुटल्या, आणि वर्ष व्हायला आलं तेव्हा मी मैदानाला एक फेरी पळत मारली. हळू, पण पळत. सुदामनं खुटबावात सांगून ठेवलंय, पुण्याचा उपचार एक नंबर हाय, ऑपरेशन दाजींचं झालं आन् कळ माझी गेली.

मॅडमनी एकदा विचारलं होतं, तुमचा हा किस्सा नव्या पेशंटना सांगितला तर चालेल का? नाव घेणार नाही. मी हो म्हटलं. आपल्यामुळं चार गुडघे वाचत असतील तर वाचू देत.

पुढच्या वर्षी तपासणीला शिरूरला गेलो. बाकावर शेजारी निमोण्याचे एक आबा बसले होते, गुडघ्याला पट्टा. बोलता बोलता त्यांनी मला एका मास्तराची गोष्ट सांगितली. त्यानं म्हणे सहा आठवडे मेव्हण्याकडून व्यायाम करून घेतला. आबांना हसून हसून दम लागला. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "असा मानूस खरंच असंल का वो?"

मी म्हटलं, "छे हो आबा. लोकांनी व्यायाम करावा म्हणून काहीतरी रचून सांगतात झालं."

तेवढ्यात आतून मॅडमचा आवाज आला, "तळेगावचे पीटीचे सर, या आत."

मी उठलो. आबांनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, मग गुडघ्याकडं. आणि हात धरून मला परत बाकावर बसवत म्हणाले, "तुमी कशाला उठताय, सर? मेव्हन्याला धाडा की आत."