सुरतेला गेला असेल

आमच्याकडे माणूस हरवला की तो सुरतेला गेलेला असतो. शिंदखेड्याच्या स्टेशनातून गाडी तिकडेच जाते, तिकडे यंत्रमाग आहेत, साड्यांची कामं आहेत, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे. त्यामुळे कोणी चार दिवस दिसलं नाही की लोक बिनदिक्कत सांगून मोकळे होतात, ‘सुरतले ग्या व्हई.’ माझा मोठा भाऊ एका दुपारी चहा पिऊन, कप विसळून ठेवून बाहेर पडला आणि परत आला नाही, तेव्हाही सगळ्यांनी हेच सांगितलं. घरात भांडण झालं नव्हतं. तो नापास झाला नव्हता, कुणा मुलीची भानगड नव्हती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं. निदान एक कारण तरी हाताशी राहिलं असतं.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याचा फोटो घेऊन पुन्हा पुन्हा सुरतेला जाऊन आले. मागांच्या गल्ल्यांतून फिरले, आपल्याकडची माणसं जिथे जिथे खोल्या करून राहतात तिथे तिथे फोटो दाखवला. परत आले की ओट्यावर बसून राहायचे. आई पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवायची आणि काही न विचारता आत जायची. तिला कळलेलं असायचं.

त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा ती मालिका सुरू झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि गल्लीत टीव्ही आमच्याकडेच होता. मालिकेचं नाव आता डोक्यातून गेलं. आम्ही तिला ‘त्या गावाची सिरियल’ म्हणायचो. डोंगरातलं, कायम धुक्यात बुडालेलं एक गाव. तिथे एक माणूस आपल्या हरवलेल्या मित्राला शोधत येतो, आणि गावातला जो तो त्याला सांगतो की असा कोणी इथे कधी आलाच नाही. पण खानावळीत त्या मित्राचं ताट रोज वाढलेलं असतं. देवळाची घंटा भलत्याच वेळी वाजते. चौकात एक विहीर असते, तिच्यावर लोखंडी झाकण, आणि झाकणाला कुलूप.

दर गुरुवारी जेवणं आटोपली की समोरचे कंपाउंडर काका यायचे आणि शेजारच्या अक्का यायच्या. काका मूळचे जळगावचे, बोलणं अगदी पुस्तकी. अक्का कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायच्या, त्यांना हिंदी अर्धंमुर्धं कळायचं, पण मतं पक्की असायची. भाग संपला की खरी मालिका सुरू व्हायची. घंटा कोण वाजवतं, ताट कोणासाठी वाढतात, गावातले सगळे सामील आहेत की एकटा खानावळवाला. अक्कांनी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, “तो मित्र सुरतले ग्या व्हई.” काकांनी हसून सांगितलं, “अहो अक्का, ते गाव हिमालयात आहे.” अक्का म्हणाल्या, “मंग? तठून गाडी नही का?”

मी हसले, पण मला आतून रागही यायचा. वर्षभरापूर्वी हीच माणसं याच खाटेवर बसून, आमचाच चहा पीत, माझ्या भावाबद्दल असेच तर्क लढवत होती. बुवा झाला असेल, कुणी फूस लावली असेल, डोक्यावर परिणाम झाला असेल. आवाज तोच होता, मान हलवणं तेच होतं. आता धुक्यातल्या गावाची पाळी आली होती, इतकंच.

आई टीव्हीपुढे येत नसे. ती आत भांडी घाशीत बसायची. एका गुरुवारी काका मोठ्यानं म्हणाले, “मला विचाराल तर सरळ आहे. त्या विहिरीत बघा म्हणावं. मारून टाकलाय त्याला कधीच.” आतला भांड्यांचा आवाज थांबला. राखेनं भरलेले हात तसेच घेऊन आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“त्याना जोडा सापडना का?” तिनं विचारलं.

“नाही,” काका म्हणाले.

“कपडा सापडना?”

“नाही वहिनी.”

“मंग तो मरना असं कसं म्हनतस, भाऊ?”

काकांचा चेहरा एकदम उतरला. पुढच्या गुरुवारी त्यांनी आपलं मत साफ फिरवलं. विहिरीवर झाकण पोरं पडू नयेत म्हणून असतं, असं ते म्हणायला लागले. मित्र जिवंत आहे, त्याला कोंडून ठेवलंय. नाहीतर तो सगळं विसरलाय आणि नाव बदलून त्याच गावात राहतोय. अक्कांनीही मग हातभार लावला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण आमच्या घरात त्या माणसाला मारायचं नाही हे ठरून गेलं. आई आता उंबऱ्यात बसून पूर्ण भाग बघायची. हिंदी संवाद मी तिला सांगायचे. मधेच ती माझ्या कानाशी विचारायची, “जेवस का तो तठे?” मी म्हणायचे, “जेवस.” ज्याचं तोंडही कधी दाखवलं नव्हतं त्या माणसाच्या जेवणाची हमी मी देत होते. काकांवरचा माझा राग तेव्हाच गेला.

आबा या सगळ्यात कधी बोलत नसत. पेपर तोंडापुढे धरून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. एकदा काका झाकणाचं असंच काहीतरी नवीन कारण सांगत होते, तेव्हा आबांनी पेपर खाली ठेवला. “उघाडा ना बठ्ठा मिळीसन ते झाकन,” ते म्हणाले. “काय शे ते एकदाव दखू द्या.”

“कसाले उघाडतस?” आई म्हणाली. “ऱ्हाऊ द्या.”

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात दोन वेगवेगळी दुःखं राहत होती. आबांना शेवट हवा होता, मग तो कसाही असो. आईला तो नकोच होता.

आणि मालिका मधेच बंद पडली. एका गुरुवारी तिच्या जागी कसलंसं नृत्य लागलं, पुढच्या गुरुवारीही तेच. काकांनी दूरदर्शनला यथेच्छ शिव्या घातल्या. आबा ते नृत्य शेवटपर्यंत बघत बसले. आई तेवढी समाधानानं उठली. “बंद पडनी ते बरं झायं,” ती म्हणाली. “तो मरना असं कोनी सांगं ते नही.”

त्यानंतर काही दिवसांनी पोलीस ठाण्यातला शिपाई निरोप घेऊन आला. नंदुरबारकडे रुळाच्या कडेला एक तरुण मुलगा सापडला होता. उंची, वय, सदऱ्याचा रंग जुळत होता. येऊन बघून जा म्हणाले. आबा लगेच निघाले, आणि आईनं मला त्यांच्यासोबत धाडलं. गाडीत ते घट्ट मूठ वळून बसले होते. मला वाटलं, आज यांना हवं ते मिळणार, आणि मग आपलं कसं होणार.

दवाखान्याच्या मागं एक बुटकी खोली होती. तिथला माणूस म्हणाला, “या बाबा. पोरीला बाहेरच राहू द्या.” आबा दारापर्यंत गेले आणि चौकट धरून थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडे पांढऱ्या चादरीचं एक टोक. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

“हाऊ आमना नही,” ते म्हणाले.

“बाबा, अजून चादर काढली नाही मी,” तो माणूस म्हणाला.

“नही शे आमना.”

त्या माणसानं दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहिलं. आबा वळले आणि माझा हात धरून स्टेशनकडे चालू लागले. लहानपणानंतर त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

घरी पोचलो तर आई दारातच उभी होती.

“दखं का?”

“दखं.”

“नीट दखं?”

“नीट दखं. तो नही शे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नही वं माय, दुसराच कोनी व्हता.” ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. त्या सबंध वर्षात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जीव भांड्यात पडला म्हणून रडते आहे. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले.

“त्या पोऱ्यानी माय वाट दखत व्हई ना वं,” ती म्हणाली. “तिले आते कोन सांगी?”

आबा तोंड धुतो म्हणून न्हाणीत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.