ठसका न लागलेला चहा

माझा दादा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता आणि वहिनी त्याच्या हाताखाली. हाताखाली हे आपलं म्हणायला. पातेल्यात पाणी किती आणि रस्सा किती दाट, हे तीच ठरवायची. मापाचं भांडं तिला कधी लागलं नाही. पळी उचलून धार बघितली की झालं. दादा हसरा, चहाबाज आणि महाहट्टी.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याचा डावा हात हळूहळू हलायला लागला, पण घसा रुसला तो रुसलाच. नाकातून नळी घातली. जन्मभर दुसऱ्यांना जेवू घातलेला हा माणूस नळीतून जेवण जाताना भिंतीकडे तोंड करायचा. मला ते बघवायचं नाही. "एक कप चहा तोंडाने पिऊ द्या, मग न्या कुठे न्यायचं तिथे," एवढंच त्याचं मागणं.

डॉक्टर म्हणाले, गिळण्याचे व्यायाम सोडू नका, जोडीला ॲक्युपंक्चर करायचं तर करून बघा. म्हणून सुईवाली बाई घरी यायला लागली. मानेवर, हनुवटीखाली केसासारख्या बारीक सुया टोचायची. मी तोंडावर म्हणाले, "सुयांनी माणूस बरा झाला असता तर सगळे शिंपी डॉक्टर झाले असते." बाई हसली. "गॅरंटी मीही देत नाही, ताई. काहींना फरक पडतो."

दादाला पडला. सुयांचा की व्यायामाचा, देव जाणे. पण तपासणीत त्याला दाट केलेला घोट गिळता आला आणि नळी निघाली. मात्र पाणी असो की चहा, दवाखान्यातून दिलेली दाट करायची पावडर घालून, मापाने, मधासारखा दाट करूनच द्यायचा. पातळ काही द्यायचं ते पुढच्या तपासणीनंतर. सुईवाल्या बाईनेही बजावलं, "ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं, असं समजू नका. झटक्यानंतर कधी कधी घशाला कळतच नाही."

दादा त्या चहाला नाक मुरडायचा. "ही खळ आहे," म्हणायचा. शेवटी वहिनीने मापाचा चमचा बाजूला ठेवला. अख्खी हयात धार बघण्यात गेलेली. तिला वाटलं, हेही तसंच. ठसका लागला नाही की दुसऱ्या दिवशी पावडर थोडी कमी. असं करत करत एका सकाळी तिने त्याला साधा चहा दिला. कपभर प्यायला तो, आणि तिचा हात धरून रडला. हे तिने मला दवाखान्याच्या बाकावर सांगितलं, अजूनही हरखून. आत दादाला धाप लागली होती आणि ताप उतरत नव्हता.

चहा गुपचूप फुप्फुसात जात होता. डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून ते सांगितलं. त्याच आठवड्यात दादा गेला. माझा एकुलता एक भाऊ.

सुईवाली बाई भेटायला आली. वहिनीने तिचा हात घट्ट धरला.

"त्यांना एकदाही ठसका लागला नाही हो. पातळ चहासुद्धा नीट प्यायले. मग तुमच्या सुयाच चुकल्या ना?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच चुकल्या."

वहिनी तिला नाही नाही ते बोलली. बाईने मान खाली घालून ऐकून घेतलं. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले, आणि तिच्या चपला सरळ करून ठेवताना मला रडू आवरेना. आभार मानले असते, पण वहिनीला ऐकू गेलं असतं.