उजव्या पायाची चप्पल

मिस्त्री पूर्वी टेबलांना पाय लावायचे. फर्निचरच्या कारखान्यात त्यांची अठरा वर्षं गेली. कारखान्याला कुलूप लागलं आणि ते रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कृत्रिम पाय बनवायच्या कार्यशाळेत आले. दोन्हींत फरक काय, असं लोक गमतीने विचारायचे. "टेबलाला चौथा पाय लावला की काम संपतं," मिस्त्री म्हणायचे. "माणसाला लावला की सुरू होतं."

यात अतिशयोक्ती नव्हती. पाय बनवायला आठवडा पुरायचा, तो आपला वाटायला महिने लागायचे. काहींना कधीच वाटायचा नाही. ते पाय घरी नेऊन छत्रीसारखा दाराआड उभा करून ठेवायचे आणि पुन्हा कुबड्या घ्यायचे. हे कानावर आलं की मिस्त्रींच्या जिव्हारी लागायचं, दोन दिवस ते कुणाशी धड बोलायचे नाहीत.

म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत बसवली होती. तुटलेल्या पायाच्या खुंटावर बहुतेकांची एखादी जागा अशी असते, की तिथे बोट लावलं तर नसलेल्या अंगठ्याला लावल्यासारखं वाटतं. मिस्त्री ती जागा शोधून पेनने खूण करायचे. खुंटाखाली नवा पाय मांडायचे आणि दाढीचे दोन ब्रश घ्यायचे. एक खुणेवर, दुसरा रबरी अंगठ्यावर, दोन्ही एकाच लयीत फिरवायचे. माणसाने फक्त रबरी अंगठ्याकडे बघत राहायचं. हळूहळू डोळ्याला दिसतं ते आणि कातडीला कळतं ते, यांची डोक्यात गाठ पडते. परीक्षाही त्यांचीच होती. पाय बांधून माणूस गप्पा मारत बसला, की मिस्त्रींच्या हातून लाकडी हातोडा "चुकून" त्या पावलाजवळ पडायचा. पाय झटकन मागे गेला तर पास.

शिवणवाल्या बाई या परीक्षेत चार वेळा नापास झाल्या होत्या. हातोडा पडला की त्यांचा डावा पाय मागे जायचा आणि उजवा जागचा हलायचा नाही.

बाई कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं शिवत होत्या. मशीन मोटारीचं, आणि वेग उजव्या पायाच्या दाबावर. अपघातात नेमका तोच पाय गुडघ्याखालून तुटला. मालकिणीने त्यांचं मशीन झाकून ठेवलं होतं, पण महिनाअखेरपर्यंतच. त्यानंतर तिथे दुसरी कुणी बसणार होती. बाई रोज कार्यशाळेतल्या जुन्या मशीनवर सराव करायच्या. दाब किती पडला हे कळायला त्यांना खाली वाकून बघावं लागायचं, आणि त्या बघेपर्यंत सुई बोटभर पुढे पळालेली असायची. शिवण नागमोडी व्हायची.

"मिस्त्री, तुमच्या पायाला शिवता येत नाही," बाई म्हणायच्या.

"माझा कशाला? तुमचा आहे."

"माझा असता तर त्याने ऐकलं असतं. पाहुण्यासारखा बसून राहतो नुसता."

महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. मिस्त्रींनी वाटी, म्हणजे खुंट बसतो तो साचा, दोनदा घासून पाहिली. स्प्रिंग बदलली. पाय सरळ रेषेत होता, डाव्याशी तंतोतंत जुळत होता. मोठ्या डॉक्टरांनी तर चार जणांसमोर त्याची तारीफ केली होती. मग घोडं अडलं कुठे, हे त्यांना उमजेना.

त्या दिवशी बाईंना न्यायला त्यांची धाकटी बहीण आली होती. बोलता बोलता तिने पिशवीतून एक चप्पल काढली. उजव्या पायाची, एकटीच.

"ताईने फेकायला दिली होती," ती म्हणाली. "माझ्याच्याने होईना. पिशवीत घेऊन फिरतेय."

"टाक गं ती," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मात्र ती हातात घेऊन उलटी केली. टाचेची बाहेरची कड पार झिजून तिरपी झाली होती. वरच्या बाजूला पावलाचा ठसा काळा उमटला होता, आणि बोटं चपलेत सरळ नव्हतीच, ती बाहेरच्या बाजूला सरकलेली होती.

"बाई, तुम्ही उजवं पाऊल फेंगडं टाकायचात?"

"वीस वर्षं तसंच दाबलंय मशीन. आई ओरडायची, बदकासारखी चालतेस म्हणून."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. डाव्या पायाचं माप घेऊन उजवा बनवायचा, ही इथली पद्धत. त्यांनी बाईंना उत्तम पाय दिला होता, सरळ, देखणा, आणि दुसऱ्याच कुणाचा. "गाढव आहे मी," ते मोठ्यांदा म्हणाले. "गेलेल्या पायाची चौकशीच केली नाही."

त्यांनी घोट्याचे स्क्रू सैल केले, चप्पल समोर ठेवली आणि पाऊल बोटभर बाहेर वळवलं. टाचेला तिरपी पट्टी लावली. डॉक्टर बघून म्हणाले, "वाकडा झालाय की!" मिस्त्री म्हणाले, "हो साहेब, आत्ता जमला." पुढचे आठ दिवस रोज दोनदा ब्रश फिरले. हातोडा त्यांनी पाडला नाही. पुन्हा नापास व्हायचं बाईंच्या नव्हे, त्यांच्याच जिवावर आलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाईंनी त्यांना कारखान्यात बोलावलं. लांबलचक खोली, ओळीने मशीनं, कापडाची धूळ. मालकीण हाताची घडी घालून उभी होती. बाईंनी कापड सुईखाली सरकवलं. पाऊल नीट पडतंय का हे बघायला मिस्त्री मशीनखाली वाकले. मोटार गुरगुरली, थांबली, पुन्हा चालू झाली. वर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांना फक्त फेंगडं रबरी पाऊल दिसत होतं, दाबणारं, सोडणारं.

मोटार थांबली तसे ते उठायला गेले आणि तोल जाऊन त्यांचा गुडघा त्या पावलावर सगळ्या भाराने टेकला.

पाऊल झटकन मागे गेलं. पाठोपाठ त्यांच्या खांद्यावर एक सणसणीत चापट बसली.

"आई गं! अहो, डोळे फुटले का? पाय आहे माझा!"

खोलीतली दोन-चार मशीनं थांबली. मालकिणीने कापड उचलून डोळ्यांजवळ नेलं. शिवण एका रेषेत होती. तिने मशीनवरची कापडी खोळ घडी करून कपाटात टाकली आणि ती पुढच्या ओळीकडे वळली. बाईंना मात्र आपण काय बोललो ते आत्ता कळलं. त्यांनी खाली पावलाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मिस्त्री अजून जमिनीवरच होते, खांदा चोळत. त्यांनी आजवर शेकडो पाय बनवले होते, पण रबराच्या पावलाची माफी कधी मागितली नव्हती.

"चुकलं बाई," ते म्हणाले. "फार लागलं का?"

"लागलं," बाई म्हणाल्या.