ट्यूबवरचा ठिपका

कॉलेजच्या वाटेवरचा पंक्चरवाला पाण्यातले बुडबुडे पाहत स्वतःशीच "अच्छा, अच्छा" म्हणे. नवी ट्यूब घ्या, असं मात्र कधीच म्हणत नसे. मला त्याचाच संशय येई. हा माझी चांगली ट्यूब काढून दुसऱ्याची ठिगळांची तर घालत नसेल? बाबा म्हणाले, "खूण करून ठेव." मी ट्यूबवर ताईच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला.

पुढचं पंक्चर नेमकं त्या ठिपक्यावरच निघालं. ठिगळ चिकटायला तिथलं रबर घासावं लागतं. त्याने कानस उचलली, ठिपका पाहिला आणि कानस माझ्या हातात दिली.

"आप ही घिसो, बेटा. बाद में कहोगे, ट्यूब बदल दी."

मी घासत राहिलो. तो माझ्या हातांवर नजर ठेवून बसला, मी त्याच्यावर ठेवायचो तशी.