पाळण्यावरचं नाव

वडनेर भोलजीच्या हरिओमला एवढंच हवं होतं. पाळण्यावर आपलं नाव.

त्याचे वडील भगवंतराव जत्रांमध्ये आकाशपाळणा लावायचे. मधोमध, आसावर, पत्र्याची चकती. तिच्यावर लाल रंगात 'भगवंतराव वडनेरवाले'. धंद्याची रीतच तशी, ज्याचा पाळणा त्याचं नाव आसावर. गुडघे गेले, पाळणा विकला. चकती तेवढी ठेवून घेतली. ती आता गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे.

हरिओमने पाळणा पुन्हा उभा केला. लॅपटॉपवर, खेळ बनवायच्या एका प्लॅटफॉर्मवर, एकशे बारा तुकडे जोडून. पाळणा फिरवणारी स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली तेव्हा प्रत्येक तुकडा स्वतःभोवतीच भिंगरीसारखा फिरला. भगवंतराव मागून पाहत होते.

"आस कुठी हाय बे याचा? आसाले धरून फिरव ना."

हरिओमने सगळे तुकडे मधल्या चकतीशी बांधले. पाळणा फिरला.

कॉलेजातला मित्र शिवम आता पुण्यात होता. त्याच प्लॅटफॉर्मवर तो जत्रेचा खेळ काढत होता. त्याने पाळणा मागितला. हरिओमची अट एकच, चकतीवर नाव.

"टाकतो रे."

पण पाळण्यात एक खोड होती. फिरताना प्रत्येक तुकडा आधीच्या जागेवरून मोजून पुढे सरकायचा आणि प्रत्येक वेळी केसाएवढी चूक उरायची. तासाभरात काही दिसायचं नाही. दिवसभर फिरला की तुकडे एकमेकांपासून सुटायचे.

"दोन दिवस दे मले," हरिओम फोनवर म्हणाला. "दर खेपी मूळ जागेपासून मोजायले लावतो."

"फिरतोय ना? मग झालं. 'मले'! अजून तसाच आहेस बघ."

हरिओम ओशाळून हसला. फाइल पाठवून दिली. चूक झाली ती तिथे.

खेळ चालला. हजारो मुलं पाळण्यात बसली. चकतीवर नाव होतं शिवमचं.

"पुढच्या अपडेटला बदलतो," शिवम म्हणाला. हरिओमने दुरुस्त स्क्रिप्ट दोनदा पाठवली. शिवमने ती उघडलीसुद्धा नाही.

एरवी गर्दी ओसरली की खेळ बंद होऊन नव्याने सुरू व्हायचा आणि साचलेली चूक पुसली जायची. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी हटलीच नाही. दुपारपर्यंत डबे दांड्यांपासून सुटून हवेत लटकले. मुलांनी शिव्या घातल्या. तेव्हा मात्र शिवमने चकती लगेच बदलली.

हरिओमने खेळ उघडला. मोडक्या पाळण्याच्या मधोमध मोठ्या लाल अक्षरांत होतं, 'पाळणा बनवणारा : हरिओम, वडनेर'.

भगवंतराव शेजारीच बसले होते. डोळ्यांवर चष्मा नव्हता. सुटलेले डबे त्यांना दिसले नाहीत, अक्षरं दिसली. बोट फिरवत त्यांनी नाव वाचलं.

"लागलं ना बे नाव!"

"हो, बाबा."

भगवंतराव भिंत धरत गोठ्याकडे गेले. जुनी चकती धोतराने पुसत घेऊन आले.

"हिचा बी फोटो काढ. तुह्या नावाच्या खाली लाव."

हरिओमने फोटो काढला.