राव्दनाच्या वजनाची गाडी

भाच्यानं सबब सांगितली आणि राव्दनानं ती अट समजून पदरात घेतली. चूक झाली ती इथंच.

फेब्रुवारीत इस्सात कॉफीला आला होता. कपात चीजचा तुकडा बुडवत म्हणाला, "आत्या, यंदाही तू कळपामागं यायचं राहूच दे. तुझ्या स्नोमोबाईलचं मागचं सस्पेन्शन पार गेलंय. डोंगरात ती बसली, तर मी कळप सांभाळू की तुला ओढू? गाडी धड असती तर गोष्ट वेगळी होती."

"मग धड करते की!"

इस्सात हसला. म्हातारी चार दिवसांत कंटाळेल असं त्याला वाटलं असणार.

राव्दना एकाहत्तर वर्षांची. एकेचाळीस वसंत ती रेनडिअरांच्या कळपामागून किनाऱ्यापर्यंत गेली होती. भाऊ गेल्यावर कळप इस्सातकडे आला, तेव्हा कुठली मादी बुजरी आणि कुठली आगाऊ, हे त्याला हिनंच शिकवलं. तो ते विसरला नव्हता. आता लक्षात ठेवायची गरज उरली नव्हती, इतकंच. दोन वसंत तिला मागे ठेवून कळप गेला होता. तिसरा मात्र तिला घरात काढायचा नव्हता.

तिनं गाडीचं शेपूट शेडच्या तुळईला दोरानं टांगलं. सव्वीस वर्षांची गाडी. बोल्ट आतल्या आत गंजून बसलेले. पाना लावला की बोल्ट जागच्या जागी आणि राव्दनाच फिरायची. शेवटी स्टोव्हच्या ज्योतीनं तापवून तापवून तिनं ते सोडवले. डावीकडचे बुश, म्हणजे सांध्यातल्या गोल कड्या, झिजून अंड्यासारखे झाले होते. उजवा गुडघा सीटवर, डावा पाय खालच्या फळीवर, आणि मान उंच करून कळपावर नजर, अशीच ती जन्मभर चालवत आली होती. सगळा भार डाव्या अंगाला. नवे बुश पोस्टानं आले. हिसके झेलणाऱ्या शॉकमधलं तेल केव्हाच गळून गेलेलं. शॉकच तिनं घरामागे बर्फात पडलेल्या भावाच्या बंद गाडीचे काढून बसवले. बोटं फुटली, तरी पाना सोडला नाही.

राहिल्या स्प्रिंगा. त्यांना चार खाचा. माणूस जितका जड, तितकी वरची खाच. पूर्वी ती तिसऱ्या खाचेवर चालवायची. आता अंगावर मांस कुठलं! तिनं पहिली खाच लावली आणि गोठलेल्या तळ्यावर एक फेरी मारली. बर्फाचे कडक उंचवटे खालून निघून जात होते आणि कमरेला पत्ताही लागत नव्हता. एकटीच मोठ्यानं हसली. घरी येऊन तिनं सुकं मांस बांधलं, उबेसाठी बुटांत नवं गवत भरलं.

एप्रिलात इस्सात आला, तो किनाऱ्याकडचा एक धिप्पाड गडी घेऊन. तोर्गेर त्याचं नाव. इस्सातनं गाडीवर बसून दोन हिसके दिले.

"आत्या, हात आहेत का जादू? नवी केलीस की!"

"मग निघायचं कधी?"

इस्सात हातमोजे बघू लागला. "उद्याच. हा तोर्गेर यंदा मजुरीवर घेतलाय. एक गाडी कमी पडत होती, ही तुझी याला देतो. तुझ्या कमरेला आता..."

"कंबर माझी आहे. तू सस्पेन्शनचं म्हणाला होतास."

"अगं, तेव्हा बोलायचं म्हणून बोललो गं."

बोलायचं म्हणून! दोन महिने ती त्या बोलण्यावर जगली होती. किल्ली तिच्या मुठीत होती. पण माद्या विणीला आल्या होत्या आणि बर्फ मऊ पडू लागला होता. एक गाडी कमी म्हणजे कळपाची शेपटी मागे राहून लांडग्यांच्या तोंडी जाणार. त्यात अकरा जनावरं तिची स्वतःची होती, कानांवर तिची खूण कातरलेली. तिनं किल्ली दिली.

तोर्गेर बसला, तसं गाडीचं बूड धपकन खाली टेकलं. बिचारा ओशाळला. "मागून टेकतेय हो, आजी."

"आत्या, तेवढं जरा घट्ट करून देतेस?" इस्सात म्हणाला.

राव्दनानं पाना घेतला, बर्फात गुडघे टेकले आणि स्प्रिंग फिरवली. दुसरी खाच. तिसरी. चौथी. मग दुसऱ्या बाजूची.

"ग्रीस दर तीन दिवसांनी घाल," ती तोर्गेरला म्हणाली. "डावीकडे जरा जास्त."

"डावीकडे का हो?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "राहू दे. ते माझ्यामुळे झिजत होतं."