हिरडी परत येणार होती

आईनं मिश्री सोडली तेव्हा राहू गावातल्या आमच्या घरात दोन महिने कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिचं डोकं दुखायचं, ती भांडी आपटायची. दुपारी शेजारणी ओट्यावर डबी उघडून बसल्या की आत जाऊन दार लावून घ्यायची. चाळीस वर्षं तव्यावर तंबाखू भाजून, कुटून ती दातांना घासत आली होती. दौंडच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हिरडीखालचं हाड झिजलंय. वरचे दात गेल्यातच जमा. मिश्री बंद करून वेळेवर साफसफाईला आलात तर खालचे टिकतील." खालचे तरी स्वतःचे राहावेत, भाकरी चावता यावी, एवढंच तिला हवं होतं.

आणि तिनं सोडली. आठ महिने बोटाला काळं लागू दिलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तिला जमलंच नाही असं आमच्याकडे अजून म्हणतात.

मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात ऑफिसात होते. गावात नुकते मोबाईल आले होते. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी, आणि त्याचा मला माज होता. ऑफिसच्या पेपरात एकदा बातमी आली: दाताच्या मुळाशी मूळपेशी सापडल्यात, त्यांच्यापासून झिजलेली हिरडी आणि हाड पुन्हा वाढवता येईल. रविवारी कात्रण घेऊन घरी गेले आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजी हिरडी परत येती?"

"येते."

"हाड बी?"

"हाडसुद्धा."

शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की हे प्रयोग अजून प्राण्यांवरच चाललेत, माणसापर्यंत यायला बरीच वर्षं लागतील. तो मी वाचला नाही. तिचा चेहरा असा खुलला होता की माझी जीभ रेटेना. पुढच्या वेळी सांगू म्हटलं, आणि पुढच्या वेळीही सांगितलं नाही.

दिवाळीला गेले तर आई ओट्यावर, शेजारणींच्या मधोमध, बोट तोंडात. मी तिच्यावर डाफरले.

"आगं, नवी हिरडी येणारच हाय न्हवं?" ती हसली. "मग जरा घासली तर काय बिघडलं? लई दिस कळ काढली म्या."

दौंडला साफसफाईला जाणंही तिनं थांबवलं होतं. पडायचे ते पडू देत, एकदम सगळं नवंच करू, असा तिचा बेत. शेजारणीही तिच्या भरवशावर निर्धास्त घासत होत्या. तिथंच मी तिला खरं सांगितलं. तिनं बोट पदराला पुसलं. पण मिश्री लागली ती लागलीच. दुसऱ्यांदा ती तिला सुटली नाही.

उन्हाळ्यात तिला पुन्हा दौंडला नेलं. डॉक्टरांनी एकेक दात हलवून पाहिला.

"सगळे काढावे लागतील. हाड इतकं गेलंय की कवळीसुद्धा नीट बसायची नाही." साफसफाईला येणं का थांबवलं ते आईनं सांगितलं, तसे ते चिडले. "चांगलं चाललं होतं की! हे नव्या हिरडीचं खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कुणी न्हाई, सायेब. पेपरात म्याच वाचलं."

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढं केला. आईनं डावा अंगठा शाईत बुडवून त्यावर उठवला. डॉक्टरांनी त्या ठशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.